लिंबावरचे डाग आणि फ्लोरिडाची धास्ती

प्रश्न : आमच्या उसाच्या बांधावर कागदी लिंबाची १२ झाडं आहेत. यंदा फळांवर खरबरीत तपकिरी फोड आलेत, मार्केट यार्डात अर्ध्या भावातही कुणी हात लावेना. पुतण्या मोबाइलवर वाचून सांगतो, फ्लोरिडातल्या बागा संपवणारा रोग हाच, झाडं काढा. काढू का?
– एक वाचक भगिनी, कागल

उत्तर : ताई, कुऱ्हाड राहू दे, आधी एक पान तोडून उजेडात धरा. फोड पानाच्या दोन्ही अंगांनी उठलेला आणि भोवती पिवळं कडं असेल, तर तो खैऱ्या. जिवाणूचा रोग. वाऱ्या-पावसाच्या सपकाऱ्यानं पसरतो, नागअळीनं पान कोरलं असेल तिथनं आत शिरतो. कागदी लिंबू त्याला लगेच बळी पडतं, आणि आपल्याकडचा पाऊस मी तुम्हाला काय सांगायचा!

पुतण्या म्हणतो तो ग्रीनिंग. सायला नावाची बारकी कीड तो पसरवते, झाडाच्या अन्ननलिकाच तुंबतात. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला. त्यानंतरच्या २० वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन ९० टक्क्यांहून जास्त घटलं (वादळांनीही हातभार लावला). रोग मुळापासून घालवणारं औषध नाही, म्हणजे पोराची भीती अगदीच खोटी नाही. पान पिवळं पडलं, तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पेनानं गोल काढा. दोन्हींत पिवळेपणा सारखा असेल, तर बहुधा जस्त वगैरे कमी पडलंय. एकात पिवळं, दुसऱ्यात हिरवं दिसलं, तर फांदी घेऊन कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय गाठा.

खैऱ्याशी माझं जुनं वैर. गारगोटीला लावायला ८ रोपं आणली, तेव्हाच तिघांच्या पानांवर डाग होते. रोपवाटिकेवाला म्हणाला, "उन्हानं भाजलंय." आणि मी, जन्म शेतीत गेलेला माणूस, मान डोलावून आलो! दुसऱ्या पावसाळ्यात आठही झाडं डागांनी भरली.

तुम्ही वळवाआधी, कोरड्या दिवसांत रोगट फांद्या छाटून जाळा. ओल्यात कात्री लावली, तर रोग आपणच वाटत फिरतो. मग १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी असं बोर्डो मिश्रण प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये करा. विळ्याचं पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला, तर चुन्याची निवळी वाढवा. आलेले डाग यानं जात नाहीत, नवी पालवी वाचते. म्हणून पालवी फुटली की फवारायचं.

डागाळलेली लिंबं फेकू नका. रसाला काही होत नाही. तांबड्या रश्श्यावर लिंबू पिळणारा साल कुठं बघतो? जवळच्या खानावळीत विचारा. लोणच्याला मात्र ती घेऊ नका, तिथं सालच खायची असते.