किल्टच्या निऱ्या, चुण्या की प्लेटा?

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईचं (1746) पुनर्दर्शन करणाऱ्यांच्या वेषाबद्दल मराठीत लिहायचंय, तर किल्टच्या, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या कमरेभोवतीच्या घोळदार वस्त्राच्या, 'प्लीट'ला निऱ्या म्हणावं की चुण्या?

1746 बद्दल लिहीत असाल तर निऱ्या. निरी म्हणजे बिनशिवलेल्या कापडाला बोटांनी घातलेली घडी; कमरेचं सोडलं की मोडणारी. त्या काळातला 'फेला मोर', म्हणजे मोठा किल्ट, नेमका तसाच होता. मागावरचा पन्हा अरुंद, साधारण 25 ते 27 इंच, म्हणून दोन पट्ट्या लांबीत जोडून दुप्पट पन्ह्याचं चार-पाच वार कापड घेत. आज पुनर्दर्शनात तो असा नेसतात: जमिनीवर पट्टा, त्यावर कापड, मधल्या भागाला निऱ्या, दोन्ही टोकं पोट झाकेल इतकी सपाट. मग त्यावर आडवं व्हायचं, टोकं एकावर एक घ्यायची, पट्टा आवळायचा. खालचा काठ गुडघ्याशी थांबला पाहिजे. वर उरलेलं कापड खांद्याला अडकवायचं. पट्टा सैल राहिला तर निऱ्या मागून निसटतात आणि अख्खं कापड एका अंगाला उतरतं. म्हणून क्रियापदही 'घालणं' नको, 'नेसणं'च हवं.

मूळ शब्दाचीही साक्ष आहे. स्कॉट्स भाषेत 'किल्ट' हे क्रियापद, अर्थ वस्त्र वर खोचणं. मूळ स्कँडिनेव्हियन, जुन्या नॉर्समधल्या 'क्याल्ता'चा अर्थ वस्त्र उचलून धरल्यावर पुढे होणारी झोळी. आपला ओचा हो!

शिवलेला किल्ट अठराव्या शतकाच्या अखेरीचा. तिथे निऱ्या चूक, कारण घड्या टाके घालून पक्क्या केलेल्या असतात. चुण्याही मला पटत नाहीत. शिंपी दोरा ओढून गोळा केलेल्या कापडालाही चुण्याच म्हणतो, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे परकर उभा राहतो. शाळेच्या स्कर्टमुळे घराघरांत पोचलेला 'प्लेट' हाच शब्द इथे चपखल. जुन्या पलटणी किल्टच्या बॉक्स प्लेटा, म्हणजे दोन्हीकडून आत दुमडलेल्या. पुढे एकाच दिशेने पडणाऱ्या नाइफ प्लेटा आल्या. गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या (1994मध्ये ती दुसऱ्या पलटणीत विलीन झाली) किल्टमध्ये प्रत्येक प्लेटेवर पिवळा उभा पट्टा यायलाच हवा असे. एकीची घडी जरा सरकली तरी पाठीमागची रांग वाकडी दिसे. आजचा आठ वारी किल्ट बहुधा नाइफ प्लेटांचा. तो 1746च्या सैनिकाच्या अंगावर चढवला तर वेष चुकला, आणि त्याला 'निऱ्या' म्हटलं तर शब्दही.

किल्टवर पुढे लटकणाऱ्या 'स्पोरन'ला मात्र बेलाशक बटवा म्हणा. गेलिक या स्कॉटलंडमधल्या जुन्या भाषेत अर्थ तोच आहे, आणि 1746चा स्पोरन हरणाच्या कातड्याचा, नाडीने तोंड आवळायचा बटवाच होता. घोड्याच्या केसांचा लांब पांढरा स्पोरन एकोणिसाव्या शतकातल्या पलटणींचा; तो कलोडनवर लटकवू नये.