गिनीपिगच्या लघवीवर लक्ष ठेवा

लघवी पांढरट, गढूळ दिसली म्हणून घाबरू नका. गिनीपिग जादा कॅल्शियम लघवीवाटेच टाकतो. वाळलेला डाग बोटाने चोळून बघा. पिठासारखा लागला तर ठीक. वाळूसारखा खरखरीत म्हणजे खड्याची शंका. लघवी करताना किंचाळणं, पाठ कुबडी करणं, लाल थेंब, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, एक्स-रे काढा. मादीच्या बाबतीत रक्त गर्भाशयातूनही येतं, तेही तपासून घ्या. घरातलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक औषध) मात्र पाजू नका! आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून जनावरच दगावतं.

खडे टाळायचे तर तांबडी भाजी, पालक रोज नको. लसूणघास (अल्फाल्फा) 6 महिन्यांनंतर बंद, टिमोथी गवत भरपूर. गोव्याच्या पावसाळ्यात या गवताला बुरशी लागते, कोरडं असतानाच हवाबंद डब्यात भरा. ढबू मिरचीचा तुकडा रोज, धुऊन ओलाच द्या. तेवढंच पाणी जास्त पोटात जातं.