निसर्गगट सुरू करताय? आधी शेजारचे गाठा

अभिनंदन! लोगो-टीशर्टचं नंतर बघू. आधी सातारा-कराड-सांगलीत मुलांना रानात नेणारे तीन-चारजण गाठा.

- महिन्यातून एकदा चहाला भेटा. नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको, तिथे दोन दिवसांत सुप्रभात सुरू होतं.
- त्यांच्या फेरीला मदतनीस म्हणून जा. मागे रेंगाळणाऱ्या पोराकडे कोण बघतं, घाबरलेल्या आईचा फोन कोण घेतं, हे तिथेच कळतं.
- दुर्बिणी, संमतीपत्राचा नमुना मागून घ्या.

पहिलीच सहल सप्टेंबरात कास पठारावर नको. फुलांपेक्षा माणसंच दिसतील. साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला पुरे. सागरेश्वर अभयारण्यात जायचं तर वनखात्याशी आधी बोला. आणि फी किती घेता, हे त्या मंडळींना बिनधास्त विचारा. फुकट नेत राहिलात तर वर्षभरात दमाल.