गृहअर्थशास्त्र की गृहविज्ञान? आणि ‘माजी’बद्दल थोडे

प्रश्न असा आहे : महाविद्यालयाच्या मेळाव्याच्या पत्रिकेत ‘होम इकॉनॉमिक्स’साठी गृहअर्थशास्त्र लिहावे की गृहविज्ञान? सोबत मसुद्यातली ओळही आहे : ‘माजी गृहअर्थशास्त्र महाविद्यालय विद्यार्थीनींच्या उपलब्धी’.

पदवीच्या कागदावर जे छापले आहे तेच पत्रिकेत यावे, तिथे आपली आवड चालवू नये. विदर्भात बीएला हा विषय ‘गृहअर्थशास्त्र’ म्हणूनच शिकवला जातो. बीएस्सीच्या बाजूला ‘गृहविज्ञान’ रुळले. परभणीच्या कृषी विद्यापीठातले गृहविज्ञान महाविद्यालय तर आता ‘सामुदायिक विज्ञान महाविद्यालय’ झाले आहे. तिथल्या जुन्या तुकडीतल्या बाईंना नुसते नवे नाव छापून पाठवलेत, तर पत्रिका आपली की शेजारणीची, असा प्रश्न त्यांना पडेल. अशा ठिकाणी ‘पूर्वीचे गृहविज्ञान’ एवढे दोन शब्द जोडावेत.

निवड तुमच्याच हाती असेल तर मी ‘गृहविज्ञान’ म्हणेन. ‘अर्थशास्त्र’ म्हटले की डोळ्यांपुढे घरखर्चाची वही येते. आहारशास्त्र, वस्त्रशास्त्र, बालविकास हे सगळे त्या वहीत मावत नाही. गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचे मूळ वेगळेच सांगते. ग्रीकमध्ये ‘ओइकोस’ म्हणजे घर आणि ‘ओइकोनोमिया’ म्हणजे घराची व्यवस्था. इकॉनॉमिक्स घरातूनच बाहेर पडले, राज्याच्या तिजोरीत जाऊन बसले आणि १८९९ साली अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडच्या परिषदेत त्याच्यापुढे पुन्हा ‘होम’ लावावे लागले. त्या परिषदेच्या अग्रणी एलन स्वालो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेची पदवी मिळवणारी पहिली स्त्री (१८७३), पाण्याच्या तपासणीत मुरलेली. म्हणजे विषयाच्या मुळाशी प्रयोगशाळा होतीच. मराठीतल्या ‘विज्ञान’ने ती नावात आणली.

संधीचे म्हणाल तर गृह अधिक अर्थशास्त्र याचे नियमाने ‘गृहार्थशास्त्र’ होते. पण ते वाचून कोणाला काय बोध होणार? संधी न करता लिहायची रीत पडली, ते बरेच झाले.

आता ओळीतल्या बाकीच्या गोष्टी. ‘विद्यार्थी’तला ‘र्थी’ दीर्घ असला तरी ‘विद्यार्थिनी’त तो ऱ्हस्व होतो. ‘माजी’ जिथे ठेवाल त्याच्या पुढच्या शब्दाला चिकटतो, त्यामुळे तुमच्या ओळीत महाविद्यालयच माजी झाले आहे. ‘उपलब्धी’ ही ‘मिळवलेले यश’ या अर्थाने हिंदीतून आलेली. मराठी कानाला त्यात ‘उपलब्ध’ ऐकू येते, म्हणजे दुकानात मिळणारे काहीतरी. आपला ‘कर्तृत्व’ हा शब्द असताना तिची गरज नाही.

माजी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्द ‘ॲल्युम्नाय’ मात्र टाळा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पोसलेले मूल असा गोड आहे हे खरे, पण मराठीत तो कोणाला जाणवतो? ‘माजी’ हा अरबीतून आलेला, ‘सरून गेलेला’ या अर्थाचा. जरा रुक्ष, पण सगळ्यांना कळणारा.

तेव्हा ओळ अशी करा : ‘गृहविज्ञान महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनींचे कर्तृत्व’. सध्या शिकणाऱ्या मुलींनाही बोलावणार असाल, तर मेळावा ‘आजी-माजी विद्यार्थिनींचा’ म्हणा. यातले ‘आजी’ हे ‘आज’वरून आलेले आहे, नातवंडांवरून नव्हे. पहिल्या तुकडीतल्या बायका हे वाचून हसतील, ते चालवून घ्या.