पाच महिन्यांच्या मुलीची लांबी दोन महिन्यांत फक्त 2 सें.मी. वाढली, काळजी करावी का?

ताई, तुम्ही दिलेलं आधी एकत्र मांडते. तीन महिने पूर्ण झाले तेव्हा 59 सें.मी., पाच पूर्ण झाल्यावर 61. वजन 6.2 किलो, फक्त अंगावर पिते, शी-शू नीट. डॉक्टर 'ठीक आहे' म्हणाले, पण शेजारची त्याच वयाची मुलगी 65 आहे आणि घरात 'बुटकी राहणार' सुरू झालंय. मी डॉक्टर नाही. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, बाळं मोजण्यात बरीच वर्षं गेली.

मला पहिली शंका मुलीची नाही, टेपची आहे. दोन मापं दोन ठिकाणची, आणि दुसरं टेबलावर टेप लावून घेतलेलं. या वयाची बाळं पाय पोटाशी घेतात, मान वळवतात, रडत वाकडी होतात. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कुठे जातो कळतही नाही. नीट मोजायचं तर इन्फँटोमीटर (बाळाला आडवं ठेवून मोजायची फळी) लागतो आणि माणसं दोन. एकीने डोकं वरच्या फळीला टेकवून सरळ धरायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. टोपी, मोजे, जाड लंगोट काढून. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते ज्या अभ्यासातून आले (सहा देश, त्यात आपली दिल्लीही), तिथे शिकवून तयार केलेल्या दोघांच्या मापातही 7 मि.मी. पर्यंतचा फरक चालवून घेत. मग दवाखान्याच्या गडबडीतल्या टेपचं काय!

आता मापं खरी धरू. त्या तक्त्यात मुलींची मधली लांबी तीन महिन्यांना 59.8 आणि पाचला 64 आहे. म्हणजे साधारण 4 सें.मी. वाढ दिसायला हवी होती, तुमची निम्मी आहे. हे कमीच, उगाच गोड बोलत नाही. पण पाच महिन्यांची खालची रेषा, म्हणजे जिच्याखाली लांबी वयाच्या मानाने कमी धरतात ती, 59.6 वर आहे आणि मुलगी तिच्या वर आहे. वजनही बसतंय.

दुसरं, तुम्ही 4 फूट 11 इंच, मिस्टर 5 फूट 4 इंच. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलीसाठी 13 सें.मी. वजा करा आणि निम्मं करा: सुमारे 150 येतात, म्हणजे तुमच्याएवढीच. जन्माच्या वेळची लांबी बरीचशी पोटातल्या पोषणावर ठरते, आईबाबांची उंची नंतर हळूहळू दिसू लागते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत कित्येक बाळं वरची रेषा सोडून आपल्या रेषेवर उतरतात आणि तिथून तिला धरून चालतात. शेजारच्या मुलीचे आईबाबा उंच असतील तर तुलनाच संपली. आणि तुमची मुलगी दिवसांआधी जन्मली असेल तर वय जन्मतारखेपासून नाही, ठरलेल्या तारखेपासून मोजा. दोन वर्षांची होईपर्यंत तसंच मोजतात.

मात्र लांबीबरोबर वजनही थांबलं, सारखे जुलाब होऊ लागले, दूध ओढताना दमते किंवा घामेजते, कायम सुस्त आणि बद्धकोष्ठ आहे, काविळीचा पिवळेपणा जन्मानंतर लांबला होता, यातलं काहीही असेल तर वाट पाहू नका. थायरॉइडची रक्ततपासणी साधी असते, आणि वेळेत कळलं तर गोळीने भागतं.

मालीश करणाऱ्या बाई पाय ओढून 'लांबी काढतात' म्हणता, ते बंद करा. मालीश छान, बाळ झोपतंही. हाड मात्र ओढून वाढत नाही. उंचीचं टॉनिक आणि गुटी दोन्ही नकोत. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी दिले असतील तर ते रोज द्या, आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू करा: घट्ट वरण-भात, वर तूप. वरणाचं पाणी नको, त्याने नुसतं पोट भरतं.

सहा महिन्यांना एकाच ठिकाणी, इन्फँटोमीटरवर, दोनदा मोजून घ्या आणि माता-बाल कार्डावर बिंदू मांडायला लावा. तेव्हाची खालची रेषा 61.2 आहे. मुलगी तेव्हाही 61 वरच दिसली, तर कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि 'ठीक आहे' एवढ्यावर उठू नका.