मुलीची एफडी मोडू की कार्डाचे हप्ते करून घेऊ?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चाकणला नोकरी, हातात पगार ४६,०००. वडिलांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा क्रेडिट कार्ड वापरलं, मग शाळेची फी, मग फोन, आणि आज कार्डावर १,८०,००० थकलेत. आठ महिने न चुकता किमान रक्कम भरताय तरी आकडा हलत नाही. बँक १६ टक्क्यांनी २४ हप्ते करून द्यायला तयार आहे. पत्नीच्या नावावर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची. ती मोडू का, असं विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, की घरी यातलं काहीच माहीत नाही.

आधी आकडा का हलत नाही ते बघू. तुमच्या कार्डाचा दर महिना ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३ टक्के. १,८०,००० वर महिन्याचं व्याज ६,४८०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,१६६. तुम्ही भरता ९,०००. त्यातले ७,६४६ व्याज आणि करातच गेले, मुद्दल फिटलं अवघं १,३५४. आणि त्याच कार्डावर तुम्ही महिन्याला चौदाशेचं पेट्रोल टाकता! फेडलं तेवढं परत चढलं. आठ महिन्यांत ७२,००० भरून तुम्ही होता तिथेच आहात, यात तुमची शिस्त कमी पडलेली नाही. किमान रकमेचा हिशोबच असा असतो. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा रिझर्व्ह बँकेने बिलावर छापायला लावला आहे, पण तो बारीक अक्षरांत असतो आणि नजर जाते ती फक्त भरायच्या आकड्यावर.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत नव्या खरेदीला मिळत नाही. आज टाकलेल्या पेट्रोलवर आजपासूनच व्याज लागतं. म्हणून आजच ॲपमध्ये जाऊन कार्डाचे ऑनलाइन आणि टॅप करून होणारे व्यवहार बंद करा. पेट्रोल रोखीने किंवा यूपीआयने, बँक खात्यातून.

एवढं व्याज कायद्यात बसतं का, असंही विचारलंय. ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्या आशेवर थांबू नका.

आता एफडी. मुलीच्या नावाने बाजूला काढलेल्या पैशाला हात लावताना जीव तुटतो, मला समजतं. पण ती एफडी महिन्याला साधारण ११६६ रुपये कमावते आणि कार्ड महिन्याला ७,६४६ खातं. एफडी जपण्यासाठी कार्ड तसंच ठेवणं हा मुलीचाच तोटा आहे.

तरीही मी मोडा म्हणणार नाही. एफडी तारण ठेवून बँकेत ओव्हरड्राफ्ट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेवढे पैसे उचलायची सोय) मिळतो, बहुतेक बँका ९० टक्क्यांपर्यंत देतात. तुमच्या बाबतीत ते बरोबर १,८०,००० होतात. दर एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त, म्हणजे ९ धरू. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. आज भरता तेच ९,००० दरमहा इथे भरत राहिलात तर २२ महिन्यांत सगळं फिटतं, एकूण व्याज सुमारे १६,०००, आणि एफडी जागेवर राहून वाढत असते. बँकेच्या १६ टक्क्यांच्या योजनेत हप्ता ८,८१३ बसतो, म्हणजे दिसायला जवळपास तेवढाच. पण २४ महिन्यांत व्याज ३१,५०० च्या आसपास, त्यावर जीएसटी साडेपाच हजारांहून जास्त, आणि प्रक्रिया शुल्क वेगळं.

ओव्हरड्राफ्टच सुचवतोय, साधं कर्ज नाही, त्याला कारण आहे. तुमच्याकडे अडीअडचणीला रोख पैसा नव्हता, म्हणून दवाखान्यात कार्ड बाहेर आलं. ओव्हरड्राफ्टमध्ये जितकं फेडाल तितकं पुन्हा हाताशी राहतं, व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर. पुन्हा तशी वेळ आली तर ४३ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांनी निभेल. मात्र तो फक्त दवाखान्यासाठी, फोनसाठी नाही.

अडचण एकच आहे, आणि पैशाच्या अडचणीपेक्षा ती मोठी आहे. एफडी पत्नीच्या नावावर आहे. ती मोडा की तारण ठेवा, सही त्यांचीच लागणार, आणि ओव्हरड्राफ्टही त्यांच्याच नावावर निघणार. त्यांना काही न सांगता सही घ्यायचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. रविवारी कार्डाचं शेवटचं बिल आणि एफडीची पावती घेऊन दोघं बसा. वडिलांच्या दवाखान्यापासून सुरुवात करा, कारण सुरुवात तिथेच झाली होती. फोनचंही सांगा. वरचा ७,६४६ चा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. रागावतील, रागवायचा त्यांना हक्क आहे. पण पुढचे २२ महिने घरखर्च दोघांनी मिळून आवरायचा आहे, तो एकट्याला लपूनछपून आवरत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर १६ टक्क्यांचे हप्ते घ्या, आजच्यापेक्षा ते कितीतरी बरं.

दुसऱ्या बँकेने 'लाइफटाइम फ्री' म्हणून पाठवलेलं कार्ड सुरूच करू नका.

पैसे हातात आले की बँकेला फोन करून त्या दिवशीची पूर्ण थकबाकी विचारा आणि तीच भरा, बिलावरचा जुना आकडा नको. हजार-दोन हजार जास्त निघाले तर ते पगारातून. लगेच लेखी अर्ज देऊन मर्यादा ३०,००० वर आणा, नाहीतर मोकळी झालेली दोन लाखांची मर्यादा पुन्हा भरते, असं मी अनेक घरांत बघितलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा थोड्या रकमेचं बिल येईल. ते बिलाची तारीख ते भरण्याचा दिवस यामधलं व्याज असतं, चूक नव्हे. तेही पूर्ण भरा, आणि त्यापुढच्या बिलावर शून्य दिसेपर्यंत बँकेचं ॲप फोनमधून काढू नका.