प्रतिपालकत्व स्वीकारण्यापूर्वी
जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, की प्रतिपालकत्व, म्हणजे दुसऱ्याचे मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणे, हे दत्तक नव्हे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ नुसार मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने आपल्या घरी येते, समिती दरमहा पाहणी करते, जन्मदाते आई-वडील ठरावीक काळाने भेटायला येऊ शकतात आणि पुढे मूल त्यांच्याकडे परतही जाऊ शकते. कागदपत्रांचे, गृहभेटीचे दडपण घेऊ नका. पुण्यात आमच्याकडे आलेली सात वर्षांची मुलगी कित्येक रात्री उशीखाली पोळी लपवून झोपत असे. आम्ही तिला हटकले नाही. पोळ्यांचा डबा तिचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर ठेवू लागलो, आणि पावसाळा सरता सरता तिची ती सवय आपोआप सुटली. मुलाच्या आईविषयी वावगा शब्द मात्र घरात कोणालाही, अगदी आजी-आजोबांनाही, काढू देऊ नका.